पत्ते खेळून जगता येतं का?

भाच्याला नोकरी सोडून वर्षभर पत्ते खेळायचे आहेत, हे बहिणीने मला फोनवर सांगितलं तेव्हा न्यू जर्सीला तिच्याकडे जायचं माझं तिकीट निघालेलं होतं. "ताई, तू जन्मभर विमा कंपनीत हिशेब केलेस, आता तूच त्याला समजाव. पत्ते कुटून कुणाचं पोट भरलंय का?" तिचा आवाज रडवेला झाला होता. मेहुण्यांच्या लेखी हा सरळसरळ जुगार होता. तेवीस वर्षांच्या मुलाने सॉफ्टवेअरमधली धडधाकट नोकरी त्यासाठी सोडावी, हे काही त्यांच्या गळी उतरत नव्हतं. मी एडिसनला पोचले ते एवढंच ठरवून, की खेळ शिकल्याशिवाय त्याला उपदेशाचा एक शब्द सांगायचा नाही.

भाच्याला ही अट मनापासून आवडली. रात्रीची जेवणं झाल्यावर त्याने टेबल पुसून कोरडं केलं, त्यावर मऊ रबरी चटई अंथरली आणि प्लॅस्टिकच्या पाकिटांत एकेक घातलेल्या पत्त्यांचे दोन गठ्ठे समोर ठेवले. खेळाचं नाव 'मॅजिक: द गॅदरिंग'. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने तो बेतला आणि सिअ‍ॅटलजवळच्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या तेव्हाच्या छोट्या कंपनीने १९९३ साली बाजारात आणला. पहिल्या संचात २९५ पत्ते होते. आज वेगवेगळ्या पत्त्यांची संख्या २५ हजारांच्या पलीकडे गेली आहे आणि नियमांचं अधिकृत पुस्तक तीनशे पानांच्या घरात आहे.

माझी पत्त्यांशी ओळख झब्बू, बदामसत्ती आणि मेंढीकोटाची. तिथे पत्ते बावन्न, आणि तेच सगळ्यांत वाटायचे. इथे प्रत्येक जण आपला गठ्ठा घरून जमवून आणतो. एरवी तो साठ पत्त्यांचा असतो, साध्या जमिनींचे पत्ते सोडले तर एकच पत्ता चारापेक्षा जास्त वेळा घालता येत नाही, आणि समोरच्याने काय आणलंय ते डाव सुरू झाल्याशिवाय कळत नाही. दोघांकडे वीस-वीस प्राण. समोरच्याचे शून्यावर आणायचे. सात पत्ते हातात, मग दर पाळीला एक उचलायचा. काही पत्ते जमिनीचे: मैदान, बेट, दलदल, डोंगर, जंगल. जमिनीतून ताकद मिळते, तिला 'माना' म्हणतात, आणि ती खर्च केल्याशिवाय बाकीचा जवळजवळ एकही पत्ता खाली ठेवता येत नाही. इथवर मी वहीत लिहून घेतलं आणि मला वाटलं, समजलं.

मग त्याने मला एक प्रयोग दाखवला. माझ्यासमोर दोन ताकदीचं अस्वल होतं आणि हातात 'जायंट ग्रोथ' नावाचा पत्ता, जो प्राण्याची ताकद त्या पाळीपुरती तीनने वाढवतो. त्याच्या हातात 'लायटनिंग बोल्ट', म्हणजे तीन घावांची वीज. त्याने वीज टाकली. "आता तू उत्तर देऊ शकतेस, मावशी." मी ग्रोथ टाकला. नियम असा, की शेवटी टाकलेला पत्ता आधी लागू होतो. अस्वल पाचाचं झालं, वीज तीनची, अस्वल वाचलं. मग म्हणाला, आता हेच उलट कर. मी आधी ग्रोथ टाकला, त्याने उत्तर म्हणून वीज. या वेळी वीज आधी पडली, अस्वल मेलं आणि माझा ग्रोथ वाया गेला. तेच दोन पत्ते, तेच अस्वल, फक्त आधी कोण बोललं एवढाच फरक. मी ते पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं. घरातले सगळे झोपले तरी मी टेबलाशीच होते. या खेळाला जुगार म्हणणं माझ्यापुरतं त्या रात्री संपलं.

तरी नशीब त्यात आहेच, आणि ते किती आहे हे मला मोजायचं होतं. संधी चालून आली. नवा संच विक्रीला येण्याआधीच्या आठवड्यात दुकानांमध्ये 'प्रीरिलीज' नावाचे सामने होतात. नवख्यांनी तिथूनच सुरुवात करावी असं सगळे सांगतात, कारण तिथे घरचा गठ्ठा चालत नाही. प्रत्येकाला सहा बंद पाकिटं मिळतात, ती तिथेच फोडायची आणि त्यातून चाळीस पत्त्यांचा गठ्ठा बांधायचा. त्यात साधारण सतरा जमिनी घालतात.

आम्ही गेलो ते दुकान दोन दुकानांच्या मधे दडलेलं होतं, आत मात्र लांबच लांब टेबलं. पाकिटं फोडल्यावर ताज्या शाईचा वास सुटला आणि मग बराच वेळ कुणी बोलेना. माझ्या वयाची बाई मी एकटीच. समोर शाळकरी मुलगा आला, पुढच्या फेरीत एक ट्रकचालक, मग एक ग्रंथपाल. प्रत्येकाने आधी हात मिळवला, आपला गठ्ठा पिसून माझ्यापुढे कापायला धरला. मी अडले की समोरचा स्वतः हात वर करून पंचाला बोलवायचा, आणि पंच माझा पत्ता वाचून मला नियम सांगायचा. मुलाने मला हरवलं आणि नंतर माझा सगळा गठ्ठा टेबलावर पसरून त्यातले कोणते पत्ते काढावेत, कोणते घालावेत ते समजावून दिलं. त्याला माझ्याकडून काही मिळायचं नव्हतं. मला तो मुलगा अजून आठवतो.

एका डावात माझ्या हातात सातांत एकच जमीन आली. मी तो हात ठेवून दिला आणि पाळीमागून पाळी नुसती बसून राहिले. परत येताना गाडीत मी गणित घातलं. चाळीस पत्त्यांत सतरा जमिनी असतील, तर पहिल्या सातांत एक किंवा शून्य जमीन येण्याची शक्यता साडेदहा टक्के, म्हणजे दर दहा हातांमागे एक. पाच किंवा जास्त जमिनी येऊन हात तुंबण्याची शक्यता आणखी दहा टक्के. असा हात परत करून नवा घेता येतो, पण मग एक पत्ता कमी ठेवावा लागतो. भाचा गाडी चालवता चालवता म्हणाला, "याला आम्ही व्हेरियन्स म्हणतो. त्याच्यावर चिडणारा माणूस या खेळात टिकत नाही."

विम्याच्या खात्यात मी हेच केलं होतं. एका माणसाचं काय होईल ते कुणालाच सांगता येत नाही, लाख माणसांचं सांगता येतं. मग मी त्याला विचारलं, जगातला उत्तम खेळाडू शंभरांतल्या किती लढती जिंकतो? तो म्हणाला, वरच्या पातळीवर बासष्ट-त्रेसष्ट. मला तो आकडा फार कमी वाटला. जगातला सर्वोत्तम माणूस तीनांतली एक लढत हरतो? आणि त्यावर कारकीर्द उभी करायची?

ती कशी उभी राहते ते त्याने सांगितलं. दुकानातल्या पात्रता सामन्यांतून प्रादेशिक स्पर्धेत जायचं, तिथून 'प्रो टूर'ला. प्रो टूर आता वर्षाला तीन. दोन दिवसांत सोळा फेऱ्या. रोज आधी तीन फेऱ्या 'ड्राफ्ट'च्या, म्हणजे तिथल्या तिथे पाकिटं फिरवून एकेक पत्ता निवडत बांधलेल्या गठ्ठ्याच्या, आणि मग पाच घरून आणलेल्या गठ्ठ्याच्या. पहिल्या आठांत येण्यासाठी सोळांतल्या बारा-एक लढती जिंकाव्या लागतात. तिसऱ्या दिवशी ते आठ जण बाद पद्धतीने खेळतात. पहिलं बक्षीस पन्नास हजार डॉलर.

मी कागद घेतला. बरोबरीचा खेळाडू, ज्याच्या दर लढतीत जिंकण्याची शक्यता निम्मी, तो सोळांत बारा जिंकेल असं सुमारे सव्वीस वेळांतून एकदा घडेल. बासष्ट टक्केवाला मात्र पाचांत एकदा तिथे पोचतो. पुढे ओळीने तीन लढती जिंकायच्या. सगळं गुणलं तर वीस स्पर्धांत एक विजेतेपद. वर्षाला तीन स्पर्धा धरल्या, तर जगातल्या सर्वोत्तमांपैकी एकाने साधारण सात वर्षांत एकदा जिंकावं. माझा हिशेब ढोबळ आहे. पण भाच्याने मला पाउलो व्हितोर दामो दा रोझा या ब्राझीलच्या खेळाडूबद्दल सांगितलं, आणि मी चकित झाले: त्याची प्रो टूरची विजेतेपदं दोन, २०१० सालचं सान हुआनचं आणि २०१७ सालचं क्योतोचं. सात वर्षांचं अंतर! मधल्या काळात तो काही वाईट खेळत नव्हता. २०१२ साली तर त्याला या खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला. इतकी वर्षं पुन्हा पुन्हा चांगलं खेळून न जिंकता परत यायचं, आणि तरी पुढच्या वेळी तितक्याच नेटाने बसायचं. मला त्याच्या विजेतेपदांपेक्षा त्या मधल्या वर्षांचं जास्त कौतुक वाटतं.

हा हिशेब डोक्यात ठेवून कै बुड्डेकडे पाहिलं, तर माणूस थक्क होतो. या जर्मन खेळाडूने १९९९ ते २००३ या काळात सात प्रो टूर जिंकल्या, त्यातल्या दोन संघातून. माझ्या कोष्टकात असा माणूस बसतच नाही. आणि ज्याचं नाव भाचा सर्वांत आदराने घेतो तो जॉन फिंकेल न्यू जर्सीतच वाढलेला. पहिली प्रो टूर फेब्रुवारी १९९६ मध्ये हिमवादळात सापडलेल्या न्यूयॉर्कला झाली. मोठ्यांत मायकेल लोकोंटो जिंकला, आणि कुमार गटाच्या पहिल्या आठांत हा मुलगा होता. मग १९९८ साली न्यूयॉर्क, २००० साली ब्रुसेल्सला जगज्जेतेपद. तिथे अंतिम लढतीत समोर बॉब माहर होता आणि दोघांचे गठ्ठे जवळजवळ सारखेच. म्हणजे पत्त्यांनी काही दिलं-घेतलं नाही, जे झालं ते माणसांमध्ये झालं. २००८ साली क्वालालंपूरला तो पुन्हा जिंकला, तेव्हा तो आधीच हॉल ऑफ फेममध्ये गेलेला होता.

एक डाव भाच्याने मला आवर्जून दाखवला. २००६, होनोलुलू, उपांत्य लढत. इंग्लंडचा क्रेग जोन्स विरुद्ध फ्रान्सचा ऑलिव्हिए रुएल. पुढच्या पाळीत जोन्स मरणार हे दोघांनाही दिसतंय. त्याच्या हातात चार घावांचा एक पत्ता आहे. तो समोरच्या प्राण्यावर टाकून एखादी पाळी लांबवावी, असं मला वाटलं, कुणालाही वाटेल. त्याने तो रुएलवर टाकला. रुएलचे प्राण तीनवर आले. आता गठ्ठ्यातून तीन घावांचा पत्ता निघाला तरच तो जिंकणार, नाहीतर संपलं. त्याने न बघता वरचा पत्ता पालथाच ओढला आणि टेबलावर उलटा केला: 'लायटनिंग हेलिक्स'. तीन घाव. सभागृहात आरोळी उठली.

मी म्हटलं, हे तर निव्वळ नशीब. भाचा पहिल्यांदाच माझ्याशी जरा तावातावाने बोलला. "पत्ता निघाला ते नशीब गं. पण पत्ता निघाला तर आपण जिंकलेलो असू, अशी जागा त्याने आधी तयार केली. प्राणी मारला असता तर हाच पत्ता निघूनही तो हरला असता." मी ती चित्रफीत मागे नेऊन पुन्हा पाहिली. तो बरोबर होता. आधीच्या पाळीतला निर्णय कुणाच्या लक्षात राहत नाही, आरोळी शेवटच्या पत्त्याला मिळते. जोन्स त्यानंतर अंतिम लढत हरला, तेही फारसं कुणी सांगत नाही.

भाच्याकडे एक वही आहे. तीत प्रत्येक लढतीची एक ओळ: समोरचा गठ्ठा कोणता, पहिली पाळी कुणाची, कोणता हात ठेवला, कोणता परत केला. शेवटच्या रकान्यात जिंकलो-हरलो नाही. तिथे 'काय वेगळं करता आलं असतं' असतं. जिंकलेल्या लढतींपुढेही तो रकाना भरलेला आहे. ही वही मी बहिणीला दाखवली. ती बराच वेळ पानं उलटत राहिली.

आता पोटाचं. इथे माझा भाच्याशी मतभेद आहे आणि तो मी त्याच्यापासून लपवला नाही. या खेळात कौशल्य खरं आहे, पण नोकरी म्हणून ते कुणाच्या भरवशावर उभं आहे? पत्ते छापणाऱ्या कंपनीच्या. स्पर्धा तिच्या, बक्षिसं तिची, नियमही तिचे. २०१६ च्या एप्रिलमध्ये तिने वरच्या श्रेणीतल्या खेळाडूंना प्रो टूरला हजर राहण्यासाठी मिळणारी तीन हजार डॉलरची रक्कम अडीचशेवर आणायचं जाहीर केलं. त्या पैशांच्या विश्वासावर खेळाडूंनी वर्षाची आखणी केलेली होती. इतका गदारोळ झाला, की काही दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. मग डिसेंबर २०१८ मध्ये वारं फिरलं: बत्तीस निवडक खेळाडूंची लीग, प्रत्येकाला वर्षाला ७५ हजार डॉलरचा करार. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कुणी या लोकांना पगार म्हणावा असं काही देऊ केलं होतं. २०२० च्या फेब्रुवारीत दामो दा रोझाने होनोलुलूला जगज्जेतेपद जिंकलं तेव्हा पहिलं बक्षीस तीन लाख डॉलरचं होतं. आणि मे २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की लीग बंद होणार. २०२३ पासून प्रो टूर परत आली, पण पगार आला नाही, आणि त्या वर्षीच्या जगज्जेत्याचं बक्षीस एक लाखाचं होतं.

मला हे अन्यायाचं वाटतं. ही माणसं खेळ कसा सुंदर असू शकतो ते जगाला दाखवतात, ते पाहून मुलं पाकिटं विकत घेतात, आणि त्यांचा चरितार्थ मात्र एका निवेदनाने येतो नि जातो. म्हणूनच बहुतेकांना दुसरा आधार शोधावा लागला. फिंकेल हेज फंडाच्या व्यवसायात गेला. १९९७ साली शिकागोची प्रो टूर जिंकणारा रँडी ब्युलर पत्ते छापणाऱ्या कंपनीतच खेळ घडवायच्या कामाला लागला. २०१३ साली माँट्रियलला प्रो टूरच्या पहिल्या आठांत पोचणारी पहिली स्त्री, मेलिसा डिटोरा, तीही पुढे तिथेच गेली. गॅब्रिएल नासिफसारखे काही पोकरकडे वळले. दामो दा रोझाने वर्षानुवर्षं खेळावर लेख लिहिले. कुणी शिकवण्या घेतो, कुणी आपला खेळ थेट प्रक्षेपित करतो. बक्षिसांवर जगणारा मला तरी क्वचितच दिसला.

माझा वीसांत एक हा हिशेब मी भाच्यापुढे ठेवला. त्याने तो आधीच केलेला होता, आणि स्वतःसाठी बासष्ट नाही, चोपन्न टक्के धरून. "मला जगज्जेता व्हायचं नाहीये मावशी. एकदा प्रो टूरला बसायचंय. तिथे समोर कोण येतं आणि मी तेव्हा नीट विचार करू शकतो का, ते बघायचंय." तो प्रादेशिक स्पर्धेला पात्र ठरलेला आहे हे त्याने घरात सांगितलंच नव्हतं; सांगितलं तर नोकरी सोडण्याचं नक्की झालं असं आईला वाटेल म्हणून.

मग आम्ही चौघं बसलो. मी बहिणीला आणि मेहुण्यांना सांगितलं, की हा जुगार नाही, यात मुलाला व्यसन लागलेलं नाही, आणि याच्यासारखा स्वतःचे निर्णय तपासणारा मुलगा मी विम्याच्या खात्यातही फार पाहिलेला नाही. आणि भाच्याला सांगितलं, की चोपन्न टक्क्यांवर नोकरी सोडू नको. रजा जमव, लागली तर बिनपगारी घे, प्रवासखर्च वेगळा काढून ठेव, आणि वर्षाने वही घेऊन माझ्यासमोर बस. बासष्टाकडे सरकलास तर मीच तुझ्या बाजूने बोलेन. मेहुणे म्हणाले, "हे चालेल." भाच्याने थोडा वेळ घेतला, पण कबूल झाला. स्पर्धेला त्याच्याबरोबर कोण जाणार यावर चर्चा निघाली तेव्हा बहीण म्हणाली, "मी जाईन. मला ते अस्वलाचं आधी शिकवा."

मी आता पुण्यात परत आले आहे. येताना त्याने मला पत्त्यांची दोन पाकिटं दिली आणि दर रविवारी फोनवर आमचा ड्राफ्टचा सराव चालतो. सध्याचा वाद असा, की तो चाळीस पत्त्यांत सोळाच जमिनी घालतो. मी त्याला गणित पाठवलं: सतराऐवजी सोळा घातल्या, तर एक किंवा शून्य जमिनीचा हात साडेदहा टक्क्यांवरून साडेतेरावर जातो. त्याचं उत्तर तासाभरात आलं: पण जमिनींनी तुंबलेला हात दहावरून साडेसातावर येतो, दोन्ही मिळवले तर वाईट हात जवळजवळ तेवढेच, आणि माझ्या गठ्ठ्यातले पत्ते स्वस्त आहेत, मला दोन जमिनींवरही खेळता येतं. मुद्दा बिनतोड आहे. तरी मी त्याला लिहिलं आहे, की तुझ्या वहीतले दोन जमिनींवर ठेवलेले सगळे हात काढ, त्यातले किती जिंकलास ते मोज आणि रविवारी मला सांग.